राखणदाराचे मोल

बनशंकरी हे नाव मराठी कानांना परके वाटत नाही. बदामीजवळची बनशंकरी ही महाराष्ट्रातील कितीतरी घराण्यांची कुलदेवता आहे. बेंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी या वस्तीलाही देवीच्या मंदिरावरूनच नाव मिळाले. कनकपुरा रस्त्यावरील या मंदिरात राहुकाळाच्या वेळी लिंबाची साल उलटी करून तिच्यात दिवा लावण्याची प्रथा आहे. जवळूनच मेट्रोची हिरवी मार्गिका जाते. फुटबॉलचा सामना असला, की संध्याकाळच्या गाडीत एकीकडे देवीचा प्रसाद घेऊन निघालेली माणसे आणि दुसरीकडे निळे सदरे घातलेली तरुण मंडळी असे मजेदार दृश्य दिसते. मॅजेस्टिकला गाडी बदलायची, जांभळ्या मार्गिकेने कब्बन पार्कला उतरायचे आणि थोडे अंतर चालले, की कंठीरवा मैदान येते. बेंगळुरू एफसी या क्लबाचे हे घरचे मैदान.

सामना आटोपल्यावर हीच मंडळी परतीच्या गाडीत बसतात, तेव्हा त्यांच्या तोंडी गोल करणाऱ्याचे नाव असते. गोल कोणी केला, कसा केला, चेंडू कोणाच्या पायातून आला, याची उजळणी जयनगर येईपर्यंत चालते. प्रतिस्पर्ध्याला गोल करू न देणाऱ्या बचावपटूचा विषय निघतो तो दोनच प्रसंगी. एक तर त्याच्या हातून चूक झाली तर, किंवा तो संघ सोडून निघाला तर. या दुसऱ्या प्रसंगी मात्र वाद चांगलाच रंगतो. एवढे पैसे मोजून त्याला ठेवायचे कशाला, असे एक म्हणतो. तो गेला तर बचावाची फळी उघडी पडेल, असे दुसरा म्हणतो. बनशंकरीचे स्थानक येते म्हणून वाद थांबतो, मिटत मात्र नाही.

महागड्या बचावपटूशी पुन्हा करार करावा की करू नये, हा प्रश्न बेंगळुरूच्या बाबतीत काल्पनिक नाही. २०१३ साली स्थापन झालेल्या या क्लबाने पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली. २०१७ साली तो इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झाला. त्याच वर्षी मुंबईचे राहुल भेके या संघात आले. उजव्या बगलेचा बचावपटू म्हणून खेळावे आणि गरज पडली तर मध्यभागी उभे राहून किल्ला लढवावा, अशी दुहेरी उपयुक्तता त्यांच्या ठायी होती. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू हेही त्याच वर्षी बेंगळुरूला आले. पुढची चार वर्षे हे दोघे एकमेकांच्या पुढेमागे उभे राहिले.

१७ मार्च २०१९ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर सुपर लीगचा अंतिम सामना झाला. समोर गोव्याचा संघ होता. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळही सरत आला. ११७व्या मिनिटाला बेंगळुरूला कॉर्नर मिळाला आणि भेके यांनी डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. बेंगळुरूला विजेतेपद मिळाले. ज्या शहरात जन्म झाला त्याच शहरात, पण दुसऱ्या शहराच्या संघासाठी केलेला तो गोल!

भेके यांचे नाव घेताच चाहत्यांना तो गोल आठवतो. पण बेंगळुरूने त्यांना पगार दिला तो गोल करण्यासाठी नव्हे. त्या दिवशी ११७व्या मिनिटापर्यंत गोव्याच्या आक्रमकांना एकही गोल करता आला नाही, हे त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे खरे काम होते. ते कोणाला आठवत नाही. आठवणार तरी कसे? जे घडले ते चित्रफितीत दिसते. जे घडू दिले नाही, त्याची चित्रफीत निघत नाही. कारखान्यात यंत्रे सुरळीत चालू असली, की देखभाल विभागातील माणसे रिकामी बसतात असे वरिष्ठांना वाटू लागते. त्यातला जुना माणूस कमी करावा आणि सहा महिन्यांनी यंत्र बंद पडले, की त्याच माणसाचा पत्ता शोधीत फिरावे, हा अनुभव अनेक ठिकाणचा आहे. बचावपटूची गत काहीशी अशीच असते.

ही उपेक्षा केवळ आपल्याकडची आहे असे मात्र नाही. जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिला जाणारा 'बॅलन डी'ओर' हा पुरस्कार १९५६ पासून चालू आहे. इतक्या वर्षांत तो मिळवणारे बचावपटू तीनच : जर्मनीचे फ्रान्झ बेकनबावर, जर्मनीचेच मथायस सामर आणि इटलीचे फाबिओ कॅनाव्हारो. २०१९ साली लिव्हरपूलचे व्हर्जिल व्हॅन डाइक त्या मानाच्या अगदी जवळ पोहोचले होते. लिओनेल मेस्सी यांच्यापेक्षा त्यांना अवघे सात गुण कमी पडले. बचावपटूला त्या तोलाचा मान मिळणे किती कठीण आहे, हे यावरून कळते. मान कमी, म्हणून मोलही कमी, असा हिशेब मग नकळत मांडला जातो.

भेके यांनी २०२१ साली बेंगळुरू सोडले आणि ते मुंबई सिटीकडे गेले. त्याच वर्षी मध्यभागाचा बचाव पाच वर्षे सांभाळणारे स्पेनचे हुआनान यांनीही क्लबाचा निरोप घेतला. भेके तेव्हा तिशीत होते. आक्रमक खेळाडूचा वेग तिशीनंतर ओसरू लागतो. परंतु बचावपटूचे भांडवल केवळ वेग हे नसते. चेंडू कोठे येणार याचा अंदाज, प्रतिस्पर्धी कोणत्या पायाने वळणार याची पारख आणि शेजारच्या खेळाडूला वेळीच दिलेली हाक, या गोष्टी वयाबरोबर वाढतात. म्हणजे नेमके फळ पिकण्याच्या वेळी बेंगळुरूने झाड दुसऱ्याच्या अंगणात जाऊ दिले.

ते फळ मुंबईने चाखले. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबाला २-१ असे हरवले. या स्पर्धेत भारतीय क्लबाला मिळालेला हा पहिला विजय. निर्णायक गोल भेके यांचा होता आणि तोही डोक्याने मारलेला. योगायोग असा, की याच इराकी क्लबाने २०१६ साली दोहा येथे बेंगळुरूला आशियाई चषकाच्या क्लब स्पर्धेतील अंतिम सामन्यात नमवले होते. ज्या संघाने बेंगळुरूला अडवले, त्याला पाडणारा खेळाडू बेंगळुरूनेच सोडलेला निघाला. पुढे २०२४ च्या मे महिन्यात मुंबई सिटीने सुपर लीगचा चषक पटकावला, तेव्हा भेके हेच कर्णधार होते.

इकडे बेंगळुरूने २०२२ साली बचावासाठी संदेश झिंगन या नामवंत खेळाडूला आणले. त्या वर्षी संघाने ड्युरँड चषक जिंकला आणि मार्च २०२३ मध्ये मडगावला सुपर लीगचा अंतिम सामना गाठला. तो पेनल्टींवर हातचा गेला. हंगाम संपताच झिंगन गोव्याच्या संघात गेले. त्यांच्यानंतरच्या २०२३-२४ च्या हंगामात बेंगळुरूचा क्रमांक बारा संघांत दहावा लागला. एका खेळाडूच्या जाण्याने संघ एवढा खाली गेला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रशिक्षक बदलले, इतरही खेळाडू बदलले. तरीही तीन वर्षांत अनुभवी बचावपटू एकामागून एक बाहेर पडले आणि दरवेळी नवी फळी उभारावी लागली, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

फळी उभारणे म्हणजे काय, हे थोडे समजून घ्यावे लागेल. चार बचावपटू एका रेषेत उभे राहतात. प्रतिस्पर्ध्याने चेंडू पुढे टाकण्याच्या क्षणी चौघांनी मिळून एक पाऊल पुढे टाकले, तर समोरचा आक्रमक ऑफसाइड ठरतो. तिघे पुढे आले आणि एक मागे राहिला, तर तोच आक्रमक गोलरक्षकासमोर एकटा पोहोचतो. हे पाऊल कधी टाकायचे, हे शिट्टी वाजवून ठरत नाही. एकाची नजर, दुसऱ्याची हाक, तिसऱ्याचा विश्वास यांवर ते अवलंबून असते. बेंगळुरूच्या संघात गोलरक्षक पंजाबचा, एक बचावपटू मणिपूरचा, एक सिक्कीमचा, एक मुंबईचा अशी मंडळी एकत्र येतात. त्यांची मातृभाषा निराळी, घरचे जेवण निराळे. अशा चौघापाचांना एका पावलावर आणायला महिने लागतात, कधी वर्षे लागतात. क्लब पगार देतो तो या वर्षांचाही असतो. जुना बचावपटू निघून गेला, की ती गुंतवणूक त्याच्याबरोबर जाते. हिशेबाच्या वहीत मात्र वाचलेला पगार तेवढा दिसतो.

म्हणूनच २०२४ साली बेंगळुरूने भेके यांना परत बोलावले, तो निर्णय योग्यच होता. त्यांनी वयाची तेहेतीस वर्षे पूर्ण केली होती. नव्याची नवलाई असणाऱ्यांना ही निवड रुचली नसेल. पण मैदान ओळखीचे होते, प्रेक्षक ओळखीचे होते आणि पाठीशी उभे असलेले गुरप्रीतसिंग तर चार वर्षांच्या सहवासाचे होते. नव्या खेळाडूला जे कमवायला एक हंगाम लागला असता, ते येथे आधीच शिलकीत होते. २०२४-२५ च्या हंगामातील पहिल्या पाच सामन्यांत बेंगळुरूने एकही गोल होऊ दिला नाही. आदल्या वर्षी दहाव्या स्थानावर असलेला हा संघ त्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत गेला. वाटेत २९ मार्च २०२५ रोजी कंठीरवा मैदानावर त्याने मुंबई सिटीचा ५-० असा पराभव केला. भेके यांना गमावलेल्या संघाचा त्यांना परत आणणाऱ्या संघाने केलेला हा पराभव बोलका आहे खरा. पण एका सामन्याला पुरावा मानण्याचा मोह टाळलेला बरा. अंतिम सामना बेंगळुरूने गमावलाच. १२ एप्रिल रोजी कोलकात्यात आघाडी घेऊनही जादा वेळेत मोहन बागानने तो २-१ असा जिंकला.

या निर्णयावर घेतला जाणारा एक आक्षेप वजनदार आहे. जुन्या खेळाडूवर खर्च केलेला पैसा तरुणांच्या तोंडचा घास असतो, असे म्हटले जाते. बेंगळुरूच्या बाबतीत त्याच हंगामाने याचे अर्धे उत्तर दिले. ईस्ट बंगालविरुद्धचा पहिला सामना बेंगळुरूने १-० असा जिंकला. तो एकमेव गोल बेंगळुरूतच वाढलेल्या विनीत वेंकटेश या नवोदिताचा होता. पाठीमागची बाजू अनुभवी माणसांनी सांभाळली, म्हणून पुढच्या पोराला चुका करण्याची मोकळीक मिळाली. आक्रमकाची चूक क्षम्य असते, ती विसरली जाते. बचावपटूची चूक मात्र थेट गोलफलकावर उमटते. विशीतल्या मुलाला बचावाच्या मध्यभागी एकटे उभे करून 'शीक' म्हणणे, ही तरुणांविषयीची आस्था नव्हे. आक्षेपाचे उरलेले अर्धे उत्तर मात्र क्लबाने द्यायचे असते. अनुभवी खेळाडूच्या शेजारी सरावात आणि सामन्यात कोणाला उभे केले, हे त्याने दाखवले पाहिजे. तसे कोणी उभे केले नसेल, तर जुन्याशी केलेला करार म्हणजे केवळ एक वर्ष पुढे ढकललेली अडचण ठरते.

पैशाचा विचार टाळून चालणार नाही. आपल्याकडे खेळाडूंच्या मानधनाचे आकडे क्लब सहसा जाहीर करीत नाहीत, त्यामुळे प्रेक्षकांचा वाद बराचसा अंधारात चालतो. कराराची रीत मात्र सर्वांना ठाऊक असावी अशी आहे. युरोपात पूर्वी खेळाडूचा करार संपला तरी जुना क्लब त्याच्यासाठी पैसे मागू शकत असे. झाँ-मार्क बॉसमन या बेल्जियमच्या खेळाडूने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. पुढे जागतिक संघटनेच्या नियमांनीही करार संपण्याआधीच्या सहा महिन्यांत दुसऱ्या क्लबाशी बोलणी करण्याची मुभा खेळाडूला दिली. श्रम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा मोठाच विजय होता. क्लबासाठी त्याचा अर्थ असा, की निर्णय शेवटच्या महिन्यावर टाकणे म्हणजे खेळाडू फुकट घालवणे. ज्या क्लबाला बचावपटू हवा आहे, त्याने करारात वर्ष शिल्लक असतानाच त्याच्यासमोर बसावे. सोडून देऊन परत आणण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

मग प्रत्येक नामवंत बचावपटूला मागेल ते द्यावे काय? तसे मुळीच नाही. सर्जिओ रामोस हे रिअल माद्रिद संघात सोळा वर्षे खेळले. बचावातले त्यांचे नाव जगभर गाजले. २०२१ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना दोन वर्षांचा करार हवा होता आणि क्लब एक वर्षाहून अधिक द्यायला तयार नव्हता. बोलणी फिसकटली. रामोस पॅरिसला गेले आणि दुखापतींमुळे पहिल्या हंगामात त्यांना फारसे खेळताच आले नाही. रिअल माद्रिदने मात्र त्या वर्षी स्पेनची लीगही जिंकली आणि युरोपची चॅम्पियन्स लीगही. कृतज्ञतेपोटी दिलेला करार किती महाग पडला असता, हे येथे दिसते. याउलट लिव्हरपूलने एप्रिल २०२५ मध्ये तेहेतीस वर्षांच्या व्हॅन डाइक यांच्याशी आणखी दोन वर्षांचा करार केला. २०१८ साली साडेसात कोटी पौंड देऊन आणलेला हा खेळाडू तेव्हा पुन्हा एकदा इंग्लंडचे विजेतेपद मिळवून देण्याच्या उंबरठ्यावर होता. तेही शहाणपणाचेच. पण त्यानंतरच्या शरद ऋतूत लिव्हरपूलने ओळीने सामने गमावले, तेव्हा एक उत्तम बचावपटू ठेवला म्हणजे बचाव झाला असे होत नाही, हेही दिसून आले. गोव्याला गेलेल्या झिंगन यांचा अनुभवही येथे जमेस धरावा. जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात खेळताना त्यांच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो हंगाम त्यांना मुकावा लागला. गोव्याने तरीही त्यांना सांभाळले, आणि ते पुन्हा उभे राहिले. दुखापत म्हणजे अखेर नव्हे. परंतु करार करताना ती गृहीत धरावी लागते.

सांगायचे ते एवढेच, की सरलेल्या कामगिरीचे बक्षीस म्हणून करार करू नये. येणाऱ्या हंगामात त्या माणसामुळे फळी एकत्र राहणार आहे काय, हे पाहून करावा. तिशीच्या आसपासच्या बचावपटूला निःशंकपणे तीन वर्षे द्यावीत. तेहेतिशीनंतर वर्षावर्षाने पाहावे आणि मानधनाचा काही भाग खेळलेल्या सामन्यांवर ठेवावा. डिसेंबर २०२५ मध्ये भेके यांनी वयाची पस्तीस वर्षे पूर्ण केली. त्यांच्या बाबतीत यापुढचा प्रत्येक करार असाच, एकेका वर्षाचा असणे उचित होईल.

अर्थात करार ही दुहेरी बांधिलकी असते, आणि तिची दुसरी बाजू अलीकडे अधिक कच्ची निघाली. २०२५ च्या उन्हाळ्यात सुपर लीगच्या आयोजनाचे हक्क पुढे कोणाकडे राहणार, याविषयी अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यात तोडगा निघाला नाही. हंगाम वेळेवर सुरू झाला नाही. ऑगस्ट महिन्यात बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडू व कर्मचारी यांचे पगार अनिश्चित काळासाठी स्थगित केल्याचे जाहीर केले. युवा संघांचे काम मात्र चालू राहील, असेही क्लबाने कळवले होते. ज्यांचे उत्पन्न सामन्यांवर अवलंबून, त्यांनी सामन्यांविना पगार कोठून द्यावेत, हा क्लबाचा प्रश्न खोटा नव्हता. पण तिशी उलटलेल्या खेळाडूच्या कारकिर्दीत हंगाम उरलेले असतात तरी किती? त्यातला एक असा वाट पाहण्यात गेला, तर तो त्याला परत मिळत नाही. अंथरूण पाहून पाय पसरण्याची वेळ सही करण्याआधी असते, सही केल्यानंतर नव्हे.

परतीच्या गाडीतील त्या वादात हा मुद्दा क्वचितच निघतो. बचावपटूला किती द्यावे यावर बोलणारे पुष्कळ असतात. जे कबूल केले ते ठरलेल्या तारखेला त्याच्या हाती पडले काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. तोवर नॅशनल कॉलेज, लालबाग, साउथ एंड सर्कल अशी स्थानके मागे पडतात आणि बोलणे पुन्हा गोल कोणी केला याकडे वळते.